दर्जेदार आजार

“थायरॉइड हा आजार नव्हे, निशिकांत, ती वृत्ती आहे,” गोपीनाथांनी हॉस्पिटलच्या बाकावरून जाहीर केलं. ‘वृत्ती’वर आवाज चिरकला आणि पुढचं वाक्य नुसती हवा होऊन बाहेर पडलं.

निशिकांतने एवढंच विचारलं होतं, की वहिनी दमल्यासारख्या का दिसतात. मधुवंतीला थायरॉइड होऊन बारा वर्षं झाली होती आणि हे वाक्यही तेवढंच जुनं होतं. ती मोबाइल बघत राहिली.

गोपीनाथांच्या स्वतःच्या आजाराला मात्र दर्जा होता. सेम्बावांगच्या घरापासून इथपर्यंत गाडीत त्यांनी तो तीनदा सांगितला होता: मानेतला लिम्फोमा. दुर्मीळ. चीफ इंजिनिअरला शोभेल असा.

नंबर लागला. निशिकांत कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायला गेला, नवरा-बायको आत.

लिम्फोमा थायरॉइडमध्येच सुरू होणं फार विरळा, डॉक्टरबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. बहुतेकदा मागे बरीच वर्षं हाशिमोटो, म्हणजे थायरॉइड मंदावणारा आजार, असतो. मिस्टर गोपीनाथांच्या थायरॉइडच्या गोळ्या पाच वर्षं चालू आहेत, बरोबर?

गोपीनाथ टेबलावरच्या प्लास्टिकच्या गळ्याकडे बघू लागले. मधुवंतीने मांडीवरची पर्स उचलली आणि पुन्हा मांडीवरच ठेवली.

केमो सोमवारपासून. गुण येण्याची शक्यता चांगली आहे, असंही त्या म्हणाल्या. ते कुणीच नीट ऐकलं नाही.

बाहेर आल्यावर मधुवंतीने विचारलं,

“गोळ्या ठेवता कुठे?”

“फिश ऑइलच्या बाटलीत.”

“आणि घेता कधी?”

“सकाळी. चहाबरोबर.”

“मी गोळी घेऊन अर्धा तास चहाविना बसते, ते काय व्रत म्हणून?”

“मीही तसा बसलो असतो तर तुला कळलं असतं.”

गोपीनाथांनी शर्टाचं वरचं बटण लावून पाहिलं, ते लागेना.

निशिकांत तीन कप सांभाळत आला.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“सोमवारपासून केमो.” गोपीनाथ थांबले. “लिम्फोमा थायरॉइडचा आहे. थायरॉइड मला आधीपासूनच होतं. पाच वर्षं.”

निशिकांतने कुणाकडे बघावं ते न कळून कपांकडे बघितलं.

गोपीनाथ बायकोकडे वळले. आवाज जेमतेम फुटला.

“उद्या मलाही तुझ्याबरोबर उठव. चहा मागाहून घेऊ.”