वैशाली ठोंबरेंचा हुकूमनामा

घटस्फोटाचा हुकूमनामा लक्ष्मीबाईंनी कायगावला जाऊन गोदावरीत सोडला, त्याला आता पाव शतक होऊन गेलं. देव्हाऱ्यातले सुकलेले हार, गणपतीचा तडकलेला फोटो आणि मुलीच्या काडीमोडाचा कागद, सगळं एकाच पिशवीत. "असलं घरात ठिवू नाय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. हीच अक्कल जावई करताना वापरली असती तर कागद करायची वेळच आली नसती, पण ते असो.

आता लक्ष्मीबाई नाहीत. गोदावरी आहे, पण ती दिलेलं परत करत नाही. आणि त्यांची मुलगी आशाबाई औताडे, वय एक्कावन्न, एका खाजगी शाळेत नागरिकशास्त्राच्या शिक्षिका, यांना नेमका तोच कागद हवा होता. कारण त्यांना लग्न करायचं होतं.

नवरदेव चिकलठाण्याचे नानासाहेब. कारखान्यातून निवृत्त, विधुर, बोलणं कमी. स्वतःचा चहा स्वतः करायचे आणि कप विसळून पालथा घालायचे. हा कप पाहूनच आशाबाईंनी होकार दिला होता.

"देवळात करून टाकू की," नानासाहेब म्हणाले. "हार घालायचे, पेढा खायचा, संपलं."

"पहिलं लग्न सगळ्या गावासमोर झालं होतं," आशाबाई म्हणाल्या. "त्यातला एक माणूस साक्षीला आला नाही. या वेळी मला सरकार पाहिजे."

सरकार तयार होतं. विवाह नोंदणीच्या कार्यालयात नोटीस लागली होती, फक्त आधीच्या घटस्फोटाची प्रमाणित नक्कल तेवढी जोडायची होती. नोटिशीची मुदत टळली की सगळं पहिल्यापासून. आणि तेवढ्यात सासऱ्याचं मन फिरवायला नानासाहेबांच्या सुनेला आणखी सवड.

म्हणून आशाबाई कोर्टाच्या नकला विभागात कारकून काकासाहेबांच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या.

काकासाहेबांनी शहाण्णव सालचं रजिस्टर ओढलं, बोट जिभेला लावलं आणि पानं उलटायला सुरुवात केली. एकेका पानावर ओळीनं मोडलेले संसार आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला काकासाहेबांची थुंकी. आशाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. खिडकीखालची भिंत गुटख्यानं कमरेपर्यंत लाल झाली होती. त्या पुन्हा रजिस्टराकडं बघू लागल्या.

"सापडलं," काकासाहेब म्हणाले. "वैशाली बद्रीनाथ ठोंबरे. पाठवा त्या बाईंना."

"मीच ती."

"आधार?"

आशाबाईंनी आधार कार्ड दिलं. काकासाहेबांनी ते उलटसुलट पाहिलं. "हे तर आशा पुंजाराम औताडे."

"लग्नात नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलं होतं, वैशाली म्हणून."

"त्याचा काही पुरावा?"

"तांदळाचा?"

"काहीही चालेल, मॅडम. कागद पाहिजे."

"फाईलमध्ये आहे ना. वकिलांनी माहेरचं नाव मुद्दाम लिहून घेतलं होतं. अर्जात आहे, हुकूमनाम्यातही आहे. फाईल काढा आणि बघा."

"फाईल काढायची तर अर्जदार पक्षकार पाहिजे."

"मी पक्षकार आहे, हे त्या फाईलमध्येच लिहिलंय."

"बरोबर," काकासाहेब समजुतीनं म्हणाले. "म्हणूनच ती कुणालाही दाखवत नसतात. कौटुंबिक बाब असते. गुप्तता पाळावी लागते." त्यांचा चहाचा ग्लास कुणा बाईच्या पोटगीच्या अर्जावर ठेवलेला होता. तिच्या नवऱ्याच्या पगाराभोवती चहाचं गोल कडं उमटलं होतं.

आशाबाईंनी रजिस्टराच्या माथ्याकडं बोट दाखवलं. "इथं औरंगाबाद लिहिलंय. बाहेर पाटीवर छत्रपती संभाजीनगर. शहराला कुणी विचारतं का, तूच ते कशावरून?"

"शहराचं राजपत्र निघालंय, मॅडम. तुमचं निघालंय का?"

आशाबाईंनी आधार कार्ड उचललं आणि त्या निघाल्या.

बाहेर लिंबाखाली गयासभाईंचं टाईपरायटरचं टेबल होतं. प्रतिज्ञापत्रं, तिकिटं, सल्ला, सगळं तिथंच. त्यांनी आशाबाईंचं ऐकून घेतलं आणि मशिनीत कागदच घातला नाही.

"बाई, टाईप तो मैं अभी करता. पण साक्षीला कोण आणणार तुम्ही? भाऊ? मैत्रीण? ते काय सांगतील? ये आशा है. अहो, वो तो आधार भी बोलता. ही वैशाली है, असं कोण बोलणार? सासरवालेच ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे ठोंबरे साहेब को लाना पडेगा. एक सही. की हां, हीच माझी बायको होती."

थोडक्यात, आपण त्या माणसाची बायको नाही हे सांगणारा कागद मिळवायचा, तर आपण त्याची बायको होतो असं त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. आशाबाईंच्या तोंडात आंबट पाणी आलं. त्यांनी ते गिळलं. थुंकायला तिथं जागाच शिल्लक नव्हती.

अकरा महिन्यांचा तो संसार. बद्रीनाथ हात उचलायचा. हात उचलण्याचंही एक वेळ लोक समजून घेतात, आपल्याकडं समजूतदार लोक पुष्कळ. पण मारून झालं की तो आईकडं बघायचा, पुरे का अजून, म्हणून. आई मान हलवायची. कधी आडवी, कधी उभी.

रविवारी आशाबाई लासूर स्टेशनला गेल्या. मोंढ्यात ठोंबऱ्यांचं आडतीचं दुकान होतं, मागं घर. गादीवर बद्रीनाथ बसला होता. पोट मांडीवर आलेलं, मोटारसायकलीची किल्ली कानात. तो ती फिरवायचा, काढून न्याहाळायचा आणि गादीला पुसायचा.

"कोण?"

"आशा."

"कोण आशा?"

आशाबाईंनी श्वास घेतला. "वैशाली."

"वैशाली तर आत हाये." बद्रीनाथ मोठ्यानं हसला. "अगं ए वैशाली! पाणी आण. बघ कोण आलंय!"

आतून एक बारीक बाई तांब्या घेऊन आली. चाळिशी ओलांडलेली, डोक्यावर पदर. तांब्याच्या गळ्यावर ठळक अक्षरांत कोरलेलं होतं, सौ. वैशाली.

"बघती काय?" बद्रीनाथला गंमत वाटत होती. "मायचं डोकं. तुझ्या टायमाला समद्या भांड्यांवर नाव घातलं व्हतं. रेशनकार्डावर चढलं व्हतं. तू गेली. आता नाव कमी करायला तहसीलला कोण खेटे घालणार? माय म्हणली, नवीलाबी तेच नाव ठिवा. तांदूळ काय, कोणाच्याबी नावानं लिवता येत्यात."

म्हणजे नाव बदलण्यापेक्षा बाई बदलणं सोपं पडलं होतं. आशाबाईंनी तांब्या तोंडाला न लावता खाली ठेवला आणि काम सांगितलं.

"सही?" बद्रीनाथनं किल्ली पुन्हा कानात घातली. "कोर्टाची पायरी मी चढत नाय. तूच चढवली व्हती मला. आन् म्हातारपणी लगीन कराया लाजबी वाटंना. तरी बघू. हात जोडून माग. हितं, समद्यांच्या म्होरं."

दुकानातला मुनीम आणि दोन हमाल कामं सोडून बघत उभे राहिले.

आशाबाईंनी हात जोडले नाहीत. फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी गादीवर ठेवली, "विचार बदलला तर कळवा," म्हणाल्या आणि निघाल्या. पण जोडावेत का, हा विचार क्षणभर मनात येऊन गेला होता. परतीच्या एसटीत त्यांना शिसारी आली ती बद्रीनाथची नव्हे, त्या क्षणाची.

तिसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत फोन वाजला.

"ताई, म्या वैशाली बोलते. लासूरहून. तुमची चिठ्ठी केरात घावली. ती सही म्या केली तर चालंल का? माझं आधार त्याच नावाचं हाये."

"अहो, असं चालत नाही. प्रकरण माझं आहे."

"पर नाव तर येकच हाये ना? नवऱ्याचंबी येकच हाये."

आशाबाईंच्या मागच्या फळ्यावर नागरिकांची कर्तव्यं लिहिलेली होती, त्यांच्याच अक्षरात. नोटिशीची मुदत संपत आली होती. दुसऱ्याच्या सहीनं नक्कल काढणं हा गुन्हा आहे, हे त्यांना माहीत होतं. दुसरीनं आपलं नाव घालून पंचवीस वर्षं मार खाणं हा कुठल्या कलमात बसतो, ते माहीत नव्हतं.

"या," त्या म्हणाल्या.

"मालकाला सांगू नका. दवाखान्याचं सांगून निघते."

काकासाहेबांनी आधार पाहिलं. वैशाली बद्रीनाथ ठोंबरे. त्यांचा चेहरा उजळला. "हां! असं पाहिजे. बघा मॅडम, कागद बरोबर असला की काम कसं होतं." आधारावर जन्माचं सालही होतं. ते पाहिलं असतं तर लक्षात आलं असतं, की हा घटस्फोट झाला तेव्हा ही बाई दहावीला होती. पण नाव जुळल्यावर साल कोण बघतो?

"किती नकला?"

आशाबाई "एक" म्हणणार, तोच बाई म्हणाली, "दोन."

नकला निघेपर्यंत दोघी बाहेर बाकावर बसल्या. बाकाची एक फळी चिकट होती. आशाबाईंनी रुमाल पसरला, अर्धा तिच्यासाठी.

"सासूबाई गेल्या ना?" आशाबाईंनी विचारलं.

"व्हय. दहा वर्सं झाली."

"मग आता मारून झाल्यावर बघतो कुणाकडं?"

बाईला प्रश्न पुरता कळला होता.

"पोराकडं," ती म्हणाली.

आशाबाईंना उठून नळापर्यंत जावं लागलं. नळाला पाणी नव्हतं. तोटीत कुणीतरी गुटख्याची पुडी कोंबली होती. त्या तशाच परत आल्या.

दुपारी पुकारा झाला. "वैशाली ठोंबरे!" दोघी एकदम उठल्या. मग एक खाली बसली. दुसरीनं रजिस्टरात अडखळत सही केली आणि दोन नकला घेऊन आली. आशाबाईंनी पानं चाळली. हुकूमनाम्यात वकिलांनी लिहून घेतलेलं होतं तसंच्या तसं होतं, माहेरचं नाव आशा पुंजाराम औताडे. आता विवाह नोंदणीवाल्यांना बोलायला जागा नव्हती. आशाबाईंनी तिथूनच नानासाहेबांना फोन लावला.

"मिळालं?"

"मिळालं."

"मग आवाज असा का?"

"घरी गेल्यावर आंघोळ करते, मग सांगते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बसस्टँडवर लासूरची गाडी लागलेली होती. बाईनं आपली नक्कल उलगडली. तिला कोर्टाचं मराठी वाचता येईना. "ताई, कुठं लिवलंय ते दाखवा की."

आशाबाईंनी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. बद्रीनाथ कडूबा ठोंबरे आणि वैशाली बद्रीनाथ ठोंबरे यांचा विवाह आजपासून संपुष्टात आला आहे.

"हे माझंच नाव ना?"

"नाव तुमचंच."

"आन् शिक्का खरा?"

"खरा आहे."

"मग माझाबी झाला."

कायद्यानं तसं होत नाही, हे सांगायला आशाबाईंनी तोंड उघडलं. आयुष्यभर त्यांनी तेच शिकवलं होतं, आणि ते खरंही होतं. बाई कागदाची घडी घालत होती, कडा जुळवून, शिक्का आत येईल अशी. लासूरच्या गाडीचा कंडक्टर घंटी मारत होता. गाडी सुटायला आली तरी ती पायरीवर चढली नाही.

"जाणार ना?" आशाबाईंनी विचारलं.

"ही गाडी जाऊ द्या," बाई म्हणाली. "चितेगावला माझा भाऊ राहतो. तिकडची कुठं लागती?"

आशाबाईंनी तोंड मिटलं आणि पैठणच्या फलाटाकडं बोट दाखवलं.