वालूरचा नंबर

सेलूच्या कापूस संस्थेचा कॉम्प्युटर फोनवरून कामं करायचा, आणि ही जादू केली होती नागनाथनं. वालूरच्या खरेदी केंद्रातून तो फोन लावायचा, पासवर्ड द्यायचा आणि कापसाची वजनं थेट सेलूच्या यंत्रात भरायचा. केंद्र म्हणजे दत्तरावांच्या वाड्यातली भाड्याची खोली. बौद्धवाड्यातल्या पोराचं कौतुक गावात कुणी तोंडावर केलं नाही. करणार तरी कोण म्हणा!

दिवाळीनंतर कुणीतरी बाहेरून यंत्रात शिरून वजनं फिरवली. पासवर्ड तर हमालांनासुद्धा पाठ होता. "पुन्हा असं झालं तर नोकरी गेली समजा," व्यवस्थापक माणिकरावांनी नागनाथला दम भरला.

मग त्यानं पक्का बंदोबस्त केला. वालूरच्या नावानं फोन आला की यंत्रानं तो तोडायचा आणि उलटा फोन वालूरच्या खोलीतच लावायचा. दुसरीकडून कुणी कितीही डोकं आपटलं तरी दार बंद. त्या दिवशी नागनाथ भलताच खूश होता. बिचारा!

जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. दुसऱ्या दिवशी नागनाथ पेढे घेऊनच केंद्रावर गेला. दत्तरावांनी पुड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खोली माझी हाय. आजपासून पायरी चढायची न्हाई."

"मालक, वजनं भरायचीत. माझ्या नोकरीचा सवाल हाय."

"आमचा सूर्यभान भरतो की. पासवर्ड ठाव हाय त्याला." दत्तरावांनी पोराला आत बसवलं आणि दार लावून घेतलं.

नागनाथनं तडक सायकल सेलूला हाणली, तर नामांतराच्या निषेधात बाजारपेठ बंद आणि संस्थेला कुलूप. दुसऱ्या दिवशी माणिकराव त्याचीच वाट पाहत होते.

"काल वजनं फिरवलीत. वालूरच्या नंबरावरून. दुसरीकडून कुणी शिरूच शकत नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

 नागनाथनं बांधलेला बंदोबस्त त्याच्याच मुळावर आला होता. कालची हकिकत त्यानं सांगितली, पण ऐकतो कोण!

तेवढ्यात यंत्राचा फोन वाजला. यंत्रानं तो तोडला आणि इमानानं वालूरला उलटा लावला. पडद्यावर आकडे उमटू लागले.

"साहेब, मी तर हितं उभा हाय," नागनाथ कळवळून म्हणाला. "मग वालूरहून कोण भरायलाय?"

माणिकराव पडद्याकडे पाहत राहिले. त्यांना सगळं समजलं, आणि समजलं हे नागनाथलाही दिसलं. पण दत्तराव संस्थेचे संचालक होते.

माणिकरावांनी उठून पडदा बंद केला.

"उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.