टेकडीवर कुणी नव्हतं

माझं नाव धर्मराज. आईवडिलांनी मोठ्या आशेनं ठेवलं होतं, त्यांचा त्यात काही दोष नाही.

२००८ साली मी जालन्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. आता ज्याला शेंबडं पोरही ड्रोन म्हणतं, तसलं एक रिमोटवर उडणारं विमान मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी बनवलं होतं. त्याच्या पोटात वायरलेसची पेटी होती. हातातले वायरलेस सेट मध्ये टेकडी आली की मुके होतात. विमान टेकडीच्या वर घिरट्या घालत राहिलं, तर ते अलीकडचं बोलणं उचलून पलीकडं देतं आणि पलीकडचं अलीकडं. पूर येवो, तारा तुटोत, गावं जोडलेली राहतील, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. कल्पना खरी होती. मीच तेवढा खरा निघालो नाही.

फेब्रुवारीत वडीगोद्रीच्या पुढं एका टेकडीपाशी प्रात्यक्षिक ठरलं. टेकडीच्या अलीकडं मांडव, संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब आणि पुण्याहून आलेले दोन तज्ज्ञ. पलीकडच्या गावात शाळेच्या मैदानावर आमच्या पोरांनी सेटला लाऊडस्पीकर जोडून ठेवला होता, सगळ्या गावाला ऐकू यावं म्हणून. तज्ज्ञांनी मान हलवली की मी विभागप्रमुख होणार, हे जवळपास ठरलेलं होतं. आणि सकाळी नऊ वाजता विमानातली पेटी बंद पडली. इंजिनाच्या थरथरीनं आत काहीतरी सुटलं होतं. ते शोधायला दिवस गेला असता.

मी मांडवात जाऊन तसं सांगायला हवं होतं. प्रयोग फसतात, त्यात लाज कसली? पण मी आमच्या लॅबचा शिपाई कडूबा याला बाजूला घेतलं आणि त्याच्या हातात दोन सेट दिले.

"टेकडीवर झुडपाआड बसा. या सेटवर ऐकू येईल ते त्या सेटवर बोलायचं, त्यावर येईल ते यावर. विमान वर फिरत राहील."

"म्हणजे इमानाचं काम मी करायचं," कडूबा म्हणाला. पन्नाशीचा माणूस, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारत नसे. "पण सर, पल्याड माझ्या बेबीनंदाचं सासर हाय. व्याह्यांनी आवाज वळखला मंग?"

"सेटमधून सगळ्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखाच येतो," मी म्हणालो. अलीकडची तर काळजीच नव्हती. वीस वर्षं चहा आणून देणाऱ्या कडूबाला अण्णासाहेबांनी कधी बोलताना ऐकलंच नव्हतं.

पहिली दहा मिनिटं काम झकास चाललं. विमान रिकाम्या पोटी घिरट्या घालत होतं आणि कडूबा टेकडीवरून इकडचं तिकडं, तिकडचं इकडं देत होता. गावात हापसे किती, दोन हायेत. रस्ता कसा, पार खराब हाय. तज्ज्ञ वहीत लिहून घेत होते. मग अण्णासाहेबांना चेव आला. पलीकडं नुकतेच सर्जेराव येऊन सेटवर बसले होते, कडूबाचे व्याही, म्हणजे बेबीनंदाचे सासरे. अण्णासाहेब आणि ते एका वर्गातले, एकमेकांची टर उडवण्यात दोघांची हयात गेलेली. अण्णासाहेबांनी सेट घेतला आणि मांडवाकडं डोळा मारत म्हणाले, "काय रे सर्ज्या, सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा पडलास, तरी मिशीला पीळ दिऊन हिंडतोस. लाज न्हाई वाटत?"

मांडव हसला. सेट मात्र गप्प होता.

मला कळलं. मुलीचा बाप टेकडीवर बसून, मुलीच्या सासऱ्याला, सगळ्या गावासमोर, अरे-तुरे करून लाज काढायची, यावर अडला होता. तोंडातून हे शब्द काढण्यापेक्षा त्यानं जीभ हासडून दिली असती. तज्ज्ञांपैकी एकानं पेन थांबवून वर विमानाकडं पाहिलं. मी अण्णासाहेबांच्या हातून सेट घेतला. "बटण नीट दाबावं लागतं, साहेब," असं म्हणून मांडवाकडं पाठ केली आणि त्यात हळूच बोललो, "पुढं द्या. जसंच्या तसं."

कडूबानं दिलं.

टेकडीच्या पलीकडं लाऊडस्पीकरवर ते कसं वाजलं, हे नंतर पोरांनी सांगितलं. सर्जेरावांनी आवाज पहिल्याच शब्दाला ओळखला. त्यांनी सेट खाली ठेवला आणि घरी निघून गेले. मांडवात आम्हाला मात्र उत्तर आलं, "रामराम साहेब, समदं ठीक हाय." ते कडूबानं पदरचं घातलं होतं. टाळ्या वाजल्या. विमान उतरल्यावर अण्णासाहेबांनी आपल्या गळ्यातला हार काढून विमानालाच घातला. कडूबा संध्याकाळी सेट परत करायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "यापुढं मला दुसऱ्याचं बोलायला लावू नका."

तिसऱ्या दिवशी सर्जेराव स्वतः कॉलेजात आले. अहवाल लिहायला थांबलेले एक तज्ज्ञ माझ्यासमोरच बसले होते आणि कडूबा चहा घेऊन दारात उभा होता.

"सर, एकच विचारायचं हाय," सर्जेराव म्हणाले. "माझे व्याही म्हणतेत, बोल अण्णासाहेबांचे होते, मी निस्ता पुढं दिऊन राह्यलो होतो. अण्णासाहेब बोलले असतील तर आमचं काहीच म्हणणं न्हाई, ते आमचं रोजचंच हाय. पण त्यांना विचारलं तर ते टरच उडवतील. कडूबा तुमच्या कामावर होते का टेकडीवर, तेवढं सांगा."

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. तज्ज्ञांचा चष्मा माझ्यावर रोखलेला होता.

"टेकडीवर आमचं कुणी नव्हतं," मी म्हणालो. "सगळं विमानातून चाललं होतं. आमचा एक सेट मध्येच गहाळ झाला होता. त्यावरून कुणी काय बोललं, ते मी कसं सांगू?"

सर्जेरावांनी कडूबाकडं वळूनही बघितलं नाही. कडूबानं चहाचे कप टेबलावर ठेवले, एक माझ्यापुढं सरकवला आणि गेला. तो चहा मी प्यालो. हे सांगायची गरज नाही, पण प्यालो.

मी विभागप्रमुख झालो. कडूबा माझ्याशी कामापुरतं बोलत राहिला. मे महिन्यात त्याची बायको द्वारकाबाई माझ्या दारात आली. बेबीनंदाला सातवा लागला होता, पहिलटकरीण होती. तिला बाळंतपणाला माहेरी आणायला ती आणि कडूबा गेले, तर सर्जेरावांनी दोघांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं होतं.

"म्हणले, खोटारड्याच्या घरी आमची सून बाळंत व्हायची न्हाई," द्वारकाबाई म्हणाली. "सर, ह्यांनी मला यायला मनाई केल्ती. मी तरी आले. लेकरू तिथं रडून राह्यलंय."

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकल काढली. सर्जेरावांनी मला ओट्यावर बसवलं, मी खरं सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे मला एकट्याला सांगून काय कामाचं? जिथं गावानं ऐकलं तिथं सांगा."

शाळेचं मैदान त्यांच्या दारासमोरच होतं. चाळीस-पन्नास माणसं जमली. मी उभा राहिलो. हजार पोरांपुढं बोलणारा मी, खालच्या आवाजात बोललो. विमानातली पेटी बंद होती, मी आमच्या एका शिपायाला टेकडीवर बसवलं होतं, तो अडला तरी बोल त्याच्याकडून पुढं देववले, आणि नंतर खोटं बोललो, असं कसंबसं म्हणालो.

"मागं ऐकू न्हाई आलं," शेवटच्या रांगेतून गोजरबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, ओरडून. आमच्या एका शिपायाला, असंच पुन्हा म्हणालो. बेबीनंदा दारात येऊन उभी होती, पोटावर हात ठेवून. सासऱ्यांनी तिला पिशवी भरायची खूण केली. ती हलली नाही.

"सर," ती म्हणाली, "त्या शिपायाला नाव हाय ना?"