झुआलीचं कडवं

थांगखुमा चुलीपाशी तांदूळ मापायला बसला की आतल्या खोलीतून हमखास आवाज यायचा, "मूठ काढलीस का?"

"काढली गं बाई, काढली."

"खोटं बोलतोस. डब्याचं झाकण वाजलं नाही."

आणि खरंच वाजलेलं नसायचं. मग तो गुपचूप देवाच्या डब्याचं झाकण उघडायचा आणि मूठभर तांदूळ आत टाकून, तिला ऐकू जाईल असं ते आपटून लावायचा. आमच्या डोंगरात कुठल्याही घरी भात शिजायच्या आधी देवाची मूठ बाजूला पडते. आठवड्याला चर्चच्या बायका पाठीवर टोपल्या लावून येतात आणि तो तांदूळ घेऊन जातात. या मुठींवर चर्चेस उभी राहिली, पाळकांची पोरं शिकली. पण मूठ काढणं बाईमाणसाचं काम. थांगखुमा चर्चचा उपा, म्हणजे वडीलमंडळीतला मोठा माणूस. दर रविवारी पुढच्या बाकावर बसायचा, दुसऱ्यांना त्यागाचे धडे द्यायचा, आणि बायको अंथरुणाला खिळेपर्यंत त्याला तो डबा कुठल्या फळीवर असतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं. घ्या!

झुआलीच्या पोटात गाठ होती. ऐजॉलच्या डॉक्टरांनी 'घरी न्या, आवडेल ते खायला घाला' म्हणून सांगितलं, तेव्हा काय ते सगळे समजले. मुलगी सियामी शिलाँगहून रजा टाकून आली. आवडेल ते घालायचं तर झुआलीला दोन घास पेजही जात नव्हती. धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा वास नुसता घ्यायची आणि म्हणायची, "तुम्ही खा रे, मी वासावर आहे."

खालच्या घरातली पोरं संध्याकाळी गिटार घेऊन ओसरीवर बसत. प्रेमाची गाणी, विरहाची गाणी, मोठ्या स्पीकरवर. एकदा थांगखुमा खिडकी लावायला उठला.

"राहू दे," झुआली म्हणाली. "ते दुसरं कडवं चुकीच्या सुरात घेतायत. आपण बरे होतो."

तो खिडकीशीच उभा राहिला. 'आपण' हा शब्द तिनं कितीतरी वर्षांनी काढला होता.

तरुणपणी ही दोघं अख्ख्या जिल्ह्यात गाजलेली जोडी होती. नववर्षाची मेजवानी असो, लग्न असो, थांगखुमाची गिटार आणि झुआलीचा गळा हवाच. रेडिओवरही एकदा गायली होती. त्यांचं एक गाणं तर पोरापोरींच्या तोंडी झालं होतं. थांगखुमानं तिच्या घराखालच्या वाटेवर उभं राहून जुळवलेलं. पहिलं कडवं तो म्हणायचा:

*धुकं उतरलं डोंगरावर, गेली वाट बुडून,*
*तुझ्या घरचा दिवा दिसेना, येऊ मी कुठून?*

आणि मग ती:

*दिवा नाही मालवला मी, वात ठेवली वर,*
*धुकं काही जन्माचं नाही, हळूहळू चाल तर.*

शेवटची ओळ दोघांची. *मी जागी आहे, मी जागा आहे, पहाट होईस्तोवर.*

मग गावात जागृतीची लाट आली. लोक चर्चमध्ये रडत होते, नाचत होते, पापं कबूल करत होते. थांगखुमाच्या अंगात असं काही वारं शिरलं की त्यानं चर्चच्या अंगणात गिटार जाळली, कॅसेटी जाळल्या आणि सगळ्यांसमोर शपथ घेतली, 'देवाच्या गीताशिवाय दुसरं गाणं या तोंडातून निघणार नाही.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झुआली सियामीला पाठीला बांधून मागे उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. ती पुढे चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागली, मनापासून गायली, देवावर तिचा राग नव्हता. नवऱ्यावर होता की नाही, ते तिनं कधी कळू दिलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र ती बोलली.

"सियामीच्या बापा, ते गाणं एकदा म्हण ना. आपलं. मग मी सुखानं जाईन."

"शपथ आहे झुआली."

"मी तुला शपथ मोडायला सांगत नाहीये. मूठ मागतेय."

"म्हणजे?"

"जन्मभर प्रत्येक भातातून मी देवाला मूठ दिली. त्यानं कधी पोतं मागितलं नाही. तू मात्र गाण्यांचं अख्खं पोतं त्याच्या दारात नेऊन ओतलंस. अरे, माझ्यासाठी एक मूठ तरी ठेवायचीस!" तिला धाप लागली. "त्यात माझंही होतं की रे निम्मं."

"झोप आता," थांगखुमा म्हणाला. मेल्याला दुसरं काही सुचू नये! पण पांघरूण त्यानं तिच्या गळ्यापर्यंत नीट ओढलं.

रात्रभर तो तळमळला. देवाशी बोलला, भांडलाही. सकाळी सियामी बाजारात गेल्यावर त्यानं खिडकी लावली, दार लोटलं आणि पलंगाच्या काठावर बसला. आधी खाकरला. मग एवढ्या हळू सुरुवात केली की त्याचं त्यालाच ऐकू येईना.

"मोठ्यानं म्हण," झुआली म्हणाली. "मी मरतेय, बहिरी नाही झाले."

त्याला हसू फुटलं, तिलाही. मग त्यानं आवाज सोडला. *धुकं उतरलं डोंगरावर...* आवाज म्हातारा झाला होता, पण सूर जागच्या जागी होता. झुआलीचे डोळे मिटले होते आणि बोटं चादरीवर ताल धरत होती. त्याचं कडवं संपलं. तिनं उशीवरून मान जरा उचलली, होती नव्हती तेवढी हवा छातीत भरून घेतली, तोंड उघडलं.

तेवढ्यात जिन्याची लाकडी पायरी करकरली.

पुढच्याच क्षणी थांगखुमाच्या तोंडून चर्चचं गीत निघालं, रविवारी म्हणतात ते, मोठ्या खणखणीत आवाजात. दार ढकलून उपा देंगलियाना आत आला. चर्चचा ढोल वाजवणारा हाच, थांगखुमाचा बाकशेजारी. टोपी काढून तो उभा राहिला आणि त्यानंही गीतात सूर मिसळला.

झुआलीचं तोंड उघडंच होतं. मग तिनं ते मिटलं आणि मान उशीवर टेकवली.

गीत संपलं, प्रार्थना झाली. "देंगलियानाला चहा दे," ती एवढंच म्हणाली. "गूळ आहे फळीवर." त्यानंतर ती गाण्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. थांगखुमानं मनाशी म्हटलं, उद्या म्हणू, उद्या रविवार, सगळे चर्चला जातील, घर आपलंच.

रविवारी चर्चची घंटा व्हायच्या आत झुआली गेली.

वस्तीच्या भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं गेलं. तरुण मंडळी कुदळी-फावडी घेऊन कबर खणायला निघाली, त्यात खालच्या घरची गिटारवाली पोरंही होती. सोमवारी तिला माती दिली. संध्याकाळी लवकर जेवणं उरकून अख्खी वस्ती दुखवट्याच्या घरात गायला जमली, आमच्याकडे रिवाजच आहे तो. घरच्यांना एकटं पडू द्यायचं नाही, दुःख गाऊन हलकं करायचं. बायका चहाचे पेले फिरवत होत्या. देंगलियाना ढोल घेऊन मधोमध बसला होता.

दोन गीतांच्या मध्ये थांगखुमा त्याच्याशेजारी येऊन बसला.

"शनिवारी तू आलास ना," तो हळूच म्हणाला, "तेव्हा मी चर्चचं गीत म्हणत नव्हतो."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"ऐकलं की. जिन्यात थांबलो होतो मी. म्हटलं, होऊ दे पुरं, मग जाऊ. पण ती पायरी मेली वाजली."

"मग आत येऊन बोलला का नाहीस?"

"तू एकदम गीत धरलंस. मी म्हटलं, याला आवडत नसेल कुणी ऐकलेलं." देंगलियानानं ढोलाची दोरी ओढली. "अरे बाबा, माझी सून टीव्हीवरच्या स्पर्धेत असलीच गाणी म्हणते, आम्ही सगळे घरात बसून टाळ्या वाजवतो. मी कुणाला सांगणार होतो?"

थांगखुमाला वाटलं, कुणीतरी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. ज्याच्या भीतीनं त्यानं बायकोच्या तोंडातलं कडवं तोडलं, ती भीती नुसती त्याच्याच घरात राहत होती. तो ओक्साबोक्शी रडू लागला. बायकांनी सियामीला पुढे ढकललं, पण तिला त्यानं हातानंच थांबवलं आणि उठून उभा राहिला.

"मला एक गाणं म्हणायचंय," तो म्हणाला. "देवाचं नाही. त्याची मूठ त्याला पोचलीय. हे तिचं आहे. देंगलियाना, ढोल धर."

थांगखुमानं डोळे मिटून पहिलं कडवं म्हटलं, दार-खिडक्या सताड उघड्या असताना, पार खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. जुनीजाणती माणसं ओळखीनं माना हलवू लागली. कडवं संपलं आणि तो थांबला.

लोकांना वाटलं, विसरला बिचारा. मागून एक बाई कुजबुजली, "पुढचं येतंय का गं कुणाला?"

"मला येतं," थांगखुमा म्हणाला. "पण ते माझं नाही. देंगलियाना, थांबू नकोस."

देंगलियाना थांबला नाही. ढोल हळूहळू वाजत राहिला आणि भरल्या घरात कुणी तोंड उघडलं नाही. तिच्या कडव्याला लागला असता तेवढा वेळ थांगखुमा मान खाली घालून उभा राहिला. ते कडवं संपल्यावर त्यानं श्वास घेतला आणि शेवटची ओळ, जी दोघांची होती, ती एकट्यानं म्हटली.