अर्नेस्टिनची वेणी

घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की आजारापेक्षा त्याच्या केसांचा न् कपड्यांचाच जास्त वैताग येतो, हे उस्तवार केलेल्याला सांगायला नको. लोरेटालाही तो आला होता. कॅनडातल्या विनिपेग शहराच्या इस्पितळात तिची आई अर्नेस्टिन कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर तापाच्या ग्लानीत पडली होती, आणि तिच्या लांबसडक पांढऱ्या वेणीचा उशीवर नुसता गुंता झाला होता.

"कापली तर चालेल?" नर्सने विचारलं. बिचारीने विचारलं तरी.

"कापा. केसच तर आहेत," लोरेटा म्हणाली. दिवसभर विमा कचेरीत राबून ती इथे यायची, जीव मेटाकुटीला आला होता. वेणी कचऱ्याच्या डब्यात गेली.

ताप उतरला. म्हातारीने डोळे उघडले, सवयीने हात खांद्यावर नेला, आणि तो तिथेच थांबला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही गं, आई."

"क्लिफर्ड ना? लपवू नकोस."

आम्हा क्री आदिवासींत जिवाचं माणूस गेलं की केस कापतात. लोरेटाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. शहरात राहून आठवेनासं झालं होतं, इतकंच. क्लिफर्ड तिचा भाऊ, दूर उत्तरेला गावी राहणारा. तिने घाईघाईने त्याला फोन लावून आईच्या कानाशी धरला. त्याचा घसा नेमका बसलेला.

"हा कुणाचा पोरगा उभा केलास?" म्हातारी म्हणाली. "माझ्या लेकाचा आवाज मला कळत नाही होय?"

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलाच्या मरणाचं दुःख करणारी आई जेवेल कशी? ताट जसंच्या तसं परत जाऊ लागलं. वयामुळे भ्रम झालाय, असं डॉक्टरांचं मत पडलं आणि झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या.

मग अ‍ॅम्ब्रोजमामा आला. हा गावाकडचाच म्हातारा. आपली माणसं इस्पितळात एकटी पडू नयेत म्हणून चहाचा थर्मास घेऊन खाटा धुंडाळत फिरायचा.

"वेणी कुठाय हिची?" त्याने आधी तेच विचारलं.

"टाकली."

मामा खुर्ची ओढून बसला. "सरकारने आम्हा पोरांना घरातून उचलून निवासी शाळेत नेलं ना, तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या वेण्या कापल्या. आम्हाला वाटलं, गावात मरण आलंय. एवढीशी होती तुझी आई. माझी बाही ओढून विचारायची, 'माझी आई गेली का रे?' तेव्हा तिला कुणी उत्तर दिलं नाही. आता तूही देत नाहीस."

"पण मी सांगतेय ना मामा, कोणी गेलेलं नाही!"

"मग वेणी का कापली, ते सांगितलंस?"

लोरेटाने ते सांगितलं नव्हतं. लाज वाटली होती. ती खाटेजवळ गेली, आईचा हात हातात घेतला. "आई, मीच कापायला सांगितली. विंचरायचा कंटाळा आला म्हणून. तू शुद्धीवर नव्हतीस, आणि मी दमले होते." बोलता बोलता ती हमसून रडू लागली.

म्हातारी भिंतीकडून तिच्याकडे वळली. "क्लिफर्डला आण," एवढंच म्हणाली.

आमच्या उत्तरेतून विमानाशिवाय येणं नाही, आणि हिमवादळात विमान उडत नाही. क्लिफर्ड पोचेपर्यंत म्हातारीच्या छातीत कफ भरला होता. तिने त्याचं तोंड चाचपून पाहिलं, कान ओढला.

"जाडा झालास की रे."

त्याने गावाहून आणलेल्या मूस हरणाच्या रश्शाचे दोन चमचे तिने घेतले. नर्सने पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग अर्नेस्टिन मानेमागच्या आखूड केसांवरून हात फिरवत शांतपणे म्हणाली, "म्हणजे ही वेणी माझ्याच मरणासाठी कापली गेली."

आणि ती गेली. फुप्फुसांनी दगा दिला, असं डॉक्टर म्हणाले. ते खोटं नसेल. पण ती उपाशी होती, भ्यालेली होती, हेही खरंच ना?

क्लिफर्डने बहिणीची वेणी कापली आणि आईच्या हातांत ठेवली. लोरेटा कचेरीत परतली तेव्हा शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, "नवी फॅशन वाटतं? शोभतेय हं!"

"आई गेली माझी," लोरेटा म्हणाली.

हल्ली कचेरी सुटली की ती कंगवा घेऊन मामाबरोबर त्याच इस्पितळात जाते. उत्तरेकडून आलेल्या म्हाताऱ्यांचे केस विंचरते, वेण्या घालते, गावच्या उखाळ्यापाखाळ्या ऐकते. नर्सही आता कात्री उचलण्याआधी तिला बोलावून घेतात.

बंधुभगिनींनो, औषधाने ताप उतरतो. पण माणूस बरा व्हायला त्याला आपलं कुणीतरी ओळखणारं लागतं. त्याच्या अंगाला कात्री लावण्याआधी तो शुद्धीवर येईपर्यंत थांबा, आणि त्यालाच विचारा. लोरेटा थोडं थांबली असती, तर अर्नेस्टिनने आपल्या जिवंत लेकासाठी एवढे अश्रू गाळले नसते.