सातशे चाळीस

मुंबईहून तपासणी करून आल्यापासून आमचे थोरले दीर, काशीरामभावोजी, गणपतीपुळ्यात मिरवत होते. छातीच्या स्कॅनमध्ये त्यांचा कॅल्शियमचा आकडा आला सातशे चाळीस आणि माझा शून्य. इकडे सीझनमध्ये आमची पर्यटकांची जीप खोळंबली होती, म्हणून डॉक्टरांना न भेटताच परतलो. कॅल्शियम म्हणजे हाडं बळकट, हे भावोजींनी स्वतःच ठरवून टाकलं.

"आमची विमल नापास झाली!" देवळाबाहेर, टपरीवर, भेटेल त्याला सांगायचे. "दूध पी गो, नायतर मोडशील."

मी हसून घ्यायचे. चार वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या, गुरुप्रसादच्या छातीत कळ आली, तेव्हाही ते असेच ठाम होते. "पित्त असंल. सोलकढी दे त्याला," म्हणाले आणि पर्यटकांना घेऊन जीप मालगुंडला नेली. परत आले तोवर हा पडवीतच गेला होता.

शून्याची मला लाज वाटायची. शेवटी गुपचूप रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे गेले. ते हसले.

"अहो, शून्यच चांगलं! हा चुना हाडांत नाही, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसतो. जितका जास्त तितका धोका. घरात आणखी कुणी तपासून घेतलंय?"

"नाही," मी म्हटलं.

जीभ जरासुद्धा अडखळली नाही. घरी येऊन पोटभर जेवले. पुढे चारचौघांत मुद्दाम भावोजींना त्यांचा आकडा विचारायचे. ते छाती ठोकून सांगायचे आणि मला आतून गार वाटायचं.

मे महिन्यात जीपच्या टपावर बॅगा चढवताना ते मटकन खाली बसले. घामाने चिंब.

"विमल, पित्त झालंय. वायच सोलकढी आण."

मी आणली. पेला हातात धरून समोर उभी राहिले. दिला असता की झालं असतं. पण मग आपण कशाने मरतोय, ते भावोजींना कळणारच नव्हतं. गुरुप्रसादला कळलं होतं. शेवटपर्यंत तो जीपच्या वाटेकडे बघत होता.

सोलकढी अंगणात ओतली आणि डॉक्टरांचं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकवलं. भावोजी पांढरेफटक पडले.

पर्यटकांना उतरवून मी बाबल्या ड्रायव्हरला रत्नागिरीकडे जीप काढायला लावली. थोरला दीर भावजयीला कधी शिवत नाही. भावोजींनी माझा हात घट्ट धरला होता.

"विमल, वाचंन ना गो मी?" दर वळणावर विचारायचे.

आणि दर वळणावर मी सांगायचे, "पित्त असंल, भावोजी."