क्वीनीला कोणी नेलं

कौन्सिलची लॉरी आम्हा आयरिश भटक्यांच्या तळाच्या फाटकातून आत आली तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. दोन पोलीस, कौन्सिलची माणसं, मागे घोडे न्यायचा बंद ट्रेलर. अशी लॉरी आली की आमच्या बायका आरडाओरडा करतात आणि पुरुष घोडी मागच्या वाटेनं पळवतात. पण हे लोक सरळ आमच्या राहत्या ट्रेलरमागे गेले आणि माझ्या नवऱ्याची, ह्यूईची, कबरी घोडी क्वीनी तेवढी सोडून घेतली. बाकीच्या घोड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कातडीखाली चिप नाही, घोडीचा पासपोर्ट नाही. आणि पाय बघा हिचा," त्यांची जनावरांची डॉक्टर म्हणाली.

ह्यूई अनवाणीच धावला. "कोणी सांगितलं तुम्हाला? त्या पलीकडच्या शेतकऱ्यानं ना?"

"मी फोन केला," माझे सासरे म्हणाले.

मायली मोंगन! ज्या माणसानं कौन्सिलशी भांडण्यात जन्म घालवला, त्यानं पोटच्या पोराविरुद्ध फोन केला? माझी नणंद ओनी नुसती छातीवर क्रूसाची खूण करत राहिली.

"थट्टा करताय, बाबा."

"कोवळं जनावर ते. गाडीला जुंपून डांबरी रस्त्यावर शर्यतीत पळवलंस. तेव्हापासून पाय टेकत नाहीये. डॉक्टर आण म्हणून घसा कोरडा केला मी."

"म्हणून कौन्सिल? आपल्यात मिटवलं असतं की!"

"तू ऐकतोस कुणाचं? माझ्या घोड्यांना चिपा आहेत, भाड्याचं कुरण आहे. त्यांना कोणी हात लावतं का? तिला बरी होऊ दे. मीच सोडवून आणतो, माझ्या नावावर."

दुसऱ्या दिवशी कौन्सिलचा फोन आला तो सासऱ्यांनाच. पलीकडचा आवाज थांबला तरी मोबाइल त्यांच्या कानालाच होता.

"हाड तडकलं होतं," ते म्हणाले. "जुळण्यासारखं नव्हतं. कायमची झोपवायची सुई दिली तिला."

हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ह्यूई अंगावर धावून जाईल म्हणून मी मध्ये उभी राहिले. पण त्यानं एवढंच विचारलं, "त्रास झाला का तिला?" पुन्हा तेच विचारलं.

त्याच आठवड्यात आम्ही राहता ट्रेलर मोटारीला जोडला आणि माझ्या भावाकडे, लाँगफर्डला निघून आलो. घोड्यांच्या जत्रेत लोक सासऱ्यांना तोंडावर खबऱ्या म्हणू लागले. ते रविवारी फोन करतात. ह्यूई तो माझ्या हातात देतो आणि बाहेर जातो.

यंदा त्यानं एक तांबडी शिंगी घोडी घेतली. घरी आणायच्या आधी स्वतःहून तिला चिप बसवून आणली, कुरणही भाड्यानं घेतलं. शर्यतीचं नाव काढत नाही.

"बाबांना सांगू?" मी विचारलं.

"सांग. पण बघायला येऊ नका म्हणावं."

मी तसंच सांगितलं. सासऱ्यांनी विचारलं, "खाते ना नीट?"